झाकण राहू दे

अशा माणसाला बोलावणं धाडावं लागत नाही. जिन्यात शेजारणीला नुसतं म्हणावं, "आमचा कॉम्प्युटर हल्ली जरा कुरकुरतोय," की दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं. आधी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर येतो, मग माणूस. तुमच्या सोसायटीतही एक असणारच. आमच्याकडे आहेत त्यांना लहानथोर सगळे असेंबलकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव खाली पत्रपेटीवर लिहिलेलं होतं म्हणे. पण त्या पेटीचं झाकण काकांनी कधीतरी बिजागरी बघायला म्हणून काढलं, तेव्हापासून नावही गेलं आणि पत्रंही उघड्यावर आली.

काकांचा सिद्धान्त एका ओळीचा आहे: बिघाड झाकणाखाली असतो. कुठला बिघाड, हा प्रश्न गौण. कॉम्प्युटर सुरू होत नाही? झाकण काढा. सुरू होतो, पण पासवर्ड आठवत नाही? झाकण काढून तर बघू. प्रिंटरमधला कागद संपलाय? संपला असेल, पण त्याआधी डब्याच्या आत एक नजर टाकायला काय हरकत आहे? तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचं इंटरनेट एकदा बंद पडलं. बिल थकलं होतं. हे बँकवाल्यांना ठाऊक होतं, त्यांच्या बायकोलाही ठाऊक होतं, फक्त विषय कुणी काढायचा ते ठरत नव्हतं. काका आले. झाकण काढलं, रॅमची पट्टी उपसली, खिशातून खोडरबर काढून तिची सोनेरी कड घासली, फुंकर मारली, पट्टी खटकन परत बसवली. तेवढ्यात बँकवाल्यांनी बाल्कनीत जाऊन मोबाइलवरून बिल भरलं. इंटरनेट आलं. "बघा," काका म्हणाले, "कार्बन धरला होता." आता त्या घरात कुठलंही बिल थकलं, की बँकवाले बायकोला सांगतात, "कार्बन धरला असेल."

बरं, झाकण काढलं याचं दुःख नाही. काढलेलं झाकण काका परत लावत नाहीत. आपण भिंतीला टेकवलेला तो पत्रा उचलून लगबगीने पुढे केला, की ते हात आडवा करतात. "राहू दे. परत लागेल." या दोन वाक्यांनंतर चहा होतो आणि काका जातात. डबा उघडाच राहतो. आतल्या वायरी, पंखा, हिरवा मदरबोर्ड, सगळा संसार चव्हाट्यावर. त्यांच्या इंजिनिअर पुतणीने एकदा धीर करून सांगितलं, की डबा बंद असला तरच हवा पुढून आत येऊन मागून बाहेर जाते, उघडा ठेवला तर नुसती धूळ बसते. काकांनी तिच्याकडे अपार करुणेने पाहिलं. "पुस्तकात असेल तसं," म्हणाले.

त्यामुळे आमच्या सोसायटीत झाकणांची स्वतंत्र लोकसंख्या तयार झाली आहे. सुरुवातीला लोकांनी ती माळ्यावर जपून ठेवली. मग हळूहळू कामाला लावली. आमच्या सासूबाई एप्रिलमध्ये झाकणावर कुरडया घालतात. त्यांचं म्हणणं, पत्रा तापतो छान आणि कडा दुमडलेल्या असल्याने वारा आला तरी कुरडई खाली पडत नाही. पहिल्या मजल्यावर दोन झाकणं कुंड्यांखाली आहेत. मुलांनी एक यष्ट्या म्हणून उभं केलंय, त्याला चेंडू लागला की असा आवाज येतो की पंचाची गरज पडत नाही. गणपतीच्या मखरामागे एक वर्ष सोनेरी कागद चिकटवलेलं झाकण होतं आणि ते कुणाचं, यावरून विसर्जनानंतर दोन घरांत बोलाचाली बंद झाली. एकदा मी हट्टाने आमचं झाकण परत लावायला घेतलं तेव्हा त्याची भोकं जुळेनात. उलटं करून पाहिलं तर आतल्या बाजूला छोटा भीमचं स्टिकर. आमच्या घरात छोटा भीम कधीच नव्हता. मग शोध लागला, की काका घराघरांतून झाकणं नेतात, बदलतात, विसरतात, आणि आज आमच्या इमारतीत स्वतःचं झाकण स्वतःच्या घरी असलेला एकही डबा नाही.

उघड्या डब्यात पाल शिरते. हे मी अनुभवावरून लिहिते. हिवाळ्यात तिला पॉवर सप्लायजवळची ऊब आवडते. रात्री दीड वाजता मुद्रितशोधन चालू असताना शेजारच्या डब्यातून शेपूट बाहेर आलेलं पाहून मी जे ओरडले, त्याने काका जागे झाले आणि धावत आले. "झाकण काढलंयस ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

काका भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याच्या कितीतरी आधीपासून कॉम्प्युटर जुळवायचे. तपकीर गल्लीत मिळेल ते तिथून, नाही मिळालं तर सकाळच्या गाडीने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून. येताना मदरबोर्डचं खोकं मांडीवर. बाकी सामान रॅकवर ठेवतील, हे नाही. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेणाऱ्यांचा त्यांना राग येत नाही, कीव येते. "आत काय आहे ते न बघता घेतलात?" असं ते विचारतात तेव्हा समोरच्याला आपण मुलीचं स्थळ चौकशी न करता पक्कं केल्याचा भास होतो. आमच्या घरचा डबाही त्यांनीच जुळवलेला. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह, जरुरीपेक्षा मोठा पॉवर सप्लाय आणि पेटवल्यावर निळा होणारा पंखा, जो मी मागितला नव्हता.

आता मूळ प्रकरण. आम्ही एक छोटा दिवाळी अंक काढतो. जुन्या अंकांतल्या निवडक मजकुराचं पुस्तक करायचं ठरलं. मजकूर होता. सगळा होता. पण पेजमेकरच्या फायलींत, आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत. ज्यांनी त्या काळात डीटीपी केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाचे फॉन्ट वेगळे, आतले संकेत वेगळे. एकाची फाइल त्याच्या फॉन्टाशिवाय उघडली की कवितेच्या जागी रोमन अक्षरं, टोप्या, उलटी प्रश्नचिन्हं आणि मध्येच पौंडाची खूण. आमचं जुनं फॉन्टांचं सॉफ्टवेअर चालायचं विंडोज एक्सपीवर, तेही यूएसबीला लावायचं लॉक असेल तरच. एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. आमचा एक्सपीवाला डबा त्यानंतरही इमानाने चालला आणि मग एका पावसाळ्यात गेला. लॉक तेवढं माझ्या टेबलाच्या खणात उरलं.

"आई, व्हीएम टाक की," असं चिरंजीव कॉलेजला जाता जाता म्हणाले आणि गेले. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन. हे मला नीट समजलं ते पेठेतल्या वाड्यांमुळे. व्हर्च्युअल मशीन हा कॉम्प्युटरचा पोटभाडेकरू. त्याचं दार वेगळं, चूल वेगळी, दारावर पाटीसुद्धा स्वतःच्या नावाची. तो स्वतःला मालकच समजतो. पण नळ, वीज आणि जिना मूळ मालकाचा. म्हणजे आमच्या विंडोज टेनच्या डब्यात एका खोलीत एक्सपीला ठेवायचं, त्याला पेजमेकर द्यायचं, लॉक द्यायचं, आणि तो म्हातारा आमच्या जुन्या कविता वाचून दाखवणार.

मी शेजारणीला जिन्यात एवढंच म्हटलं, की जरा एक सॉफ्टवेअर बसवायचंय.

"काका, हे सॉफ्टवेअरचं काम आहे हं," मी दारातच सांगितलं.

"सॉफ्टवेअर चालतं कशावर? हवेवर?" काका बूट काढत म्हणाले, आणि पायमोजे काढायच्या आत झाकण निघालं. मला वाटतं ते भीमवालं होतं.

व्हर्च्युअलबॉक्स उतरवून घेईपर्यंत काकांनी आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली आणि मला इतिहास सांगितला. एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं हे खूळ आजचं नाही. आयबीएमने १९७२मध्ये व्हीएम/३७० काढलं ते याचसाठी. पण ती मेनफ्रेम, खोलीएवढी. आपल्या टेबलावरच्या प्रोसेसरची घडणच अशी, की त्याला पोटभाडेकरू ठेवणं जमत नव्हतं. १९९९मध्ये व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या कसरती करून ते जमवलं. नोव्हेंबर २००५मध्ये इंटेलने ती सोय प्रोसेसरमध्येच घालायला सुरुवात केली, तिचं नाव व्हीटी-एक्स. पुढच्या वर्षी एएमडीने आपली काढली. व्हर्च्युअलबॉक्स २००७मध्ये एका जर्मन कंपनीने आणलं, वर्षभरात ती कंपनी सनने घेतली, आणि २०१०मध्ये सनलाच ओरॅकलने घेतलं. "कंपन्या येतात-जातात," काका ब्रश झटकत म्हणाले. "सॉकेट टिकलं पाहिजे."

बसवायला घेतलं तर आधी व्हिज्युअल सीप्लसप्लसची एक पुरवणी हवी होती. ती घातली. मग एक लाल सूचना आली, की आता तुमचं नेटवर्क काही क्षण तुटेल. काकांनी ती वाचायच्या आत 'येस' दाबलं. आतल्या खोलीत आमच्या ह्यांची ऑफिसची मीटिंग चालू होती. त्यात ते म्हणे पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी मांडत होते. ते बाहेर आले, त्यांनी उघडा डबा पाहिला, काकांना पाहिलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. आमच्या सोसायटीतले पुरुष या बाबतीत संतपदाला पोचलेले आहेत.

शेवटी सगळं बसलं. नवं मशीन तयार केलं, एक्सपीला पाचशे बारा एमबी रॅम दिली, 'स्टार्ट' दाबलं. खिडकी उघडली आणि मिटली. एक इंग्रजी पत्रक आलं: व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे. खाली एक कोड, सगळी मोठी लिपी, मध्ये मध्ये अधोरेषा.

काकांचा चेहरा उजळला. बायोस म्हणजे झाकणाचा सख्खा भाऊ. तिथेही सहसा कुणी जात नाही. त्यांनी मशीन बंद करून चालू केलं आणि डिलीट कळ अशी दाबत राहिले, की मला कीबोर्डची काळजी वाटली. निळा-करडा पडदा आला. अ‍ॅडव्हान्स्ड, मग सीपीयू कॉन्फिगरेशन, मग यादीत बरंच खाली 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', पुढे 'डिसेबल्ड'. प्रोसेसरात पोटभाडेकरूची सोय आहे, पण मालकाने परवानगीचा खटका पाडून ठेवलाय. सुट्या मदरबोर्डांवर हा खटका कारखान्यातूनच पाडलेला असणं अगदी नेहमीचं. "आणि एएमडीवाल्यांचे तर हालच," काका म्हणाले. "तिथे ह्याचं नाव एसव्हीएम. माणूस व्हर्च्युअल शोधत बसतो आणि ते एसच्या आड दडलेलं." पूर्वी या खटक्यावाचूनही एक्सपीसारखं बत्तीस-बिटचं काहीतरी ढकलगाडीने चालायचं, व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ आवृत्तीपासून ती वाट बंद केली. काकांनी 'एनेबल्ड' केलं, एफ-टेन दाबलं.

आणि एक्सपी आला. निळं आभाळ, हिरवी टेकडी. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या. "हे कुठलं? पाचगणी?" "कॅलिफोर्निया," काका म्हणाले. टेकडी खरी आहे, एका छायाचित्रकाराने १९९६मध्ये रस्त्याकडेला थांबून टिपलेली. सासूबाईंना पटलं नाही.

पण एक्सपी चालेना, सरपटायला लागला. माउस हलवला की बाण विचार करून निघायचा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसत होतं. मला ती सजावट वाटली. काका म्हणाले, सजावट नाही, तक्रार आहे: विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही आधीच मालकाच्या गादीवर बसलाय, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली काम करावं लागतंय. घरात हायपर-व्ही कोणी आणला? चिरंजीवांनी. अभ्यासासाठी विंडोजमध्येच लिनक्स चालवायचं म्हणून त्याने कधीतरी 'विंडोज फीचर्स'मध्ये बरोबरच्या खुणा करून ठेवल्या होत्या. खटका बंद असल्याने ते कधी चाललंच नाही, म्हणून त्याने सोडून दिलं होतं. आज खटका वर झाल्याबरोबर तेही जागं झालं. खुणा काढल्या, मशीन पुन्हा चालू केलं, कासव गेलं. चिरंजीवांच्या लिनक्ससाठी व्हर्च्युअलबॉक्समध्येच दुसरी खोली काढायचं ठरलं. या सगळ्यात झाकणाचा कुठेही संबंध आला नाही, हे मी काकांच्या लक्षात आणून दिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "परत लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी 'स्टार्ट' दाबलं. व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे.

काका आले, खटका वर केला, चहा घेतला, गेले. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. खटका रात्रीत आपोआप खाली. चिरंजीव म्हणाले, बायोस अपडेट करा. त्यांचा मित्र म्हणाला, व्हायरस आहे. ह्यांनी सुचवलं, की नवीन लॅपटॉपच घेऊन टाकू, आणि काका समोर बसलेत हे लक्षात आल्यावर "म्हणजे आत्ता नाही" असं जोडलं. काकांनी रॅम काढून घासली. ग्राफिक कार्ड काढून घासलं. पॉवर सप्लायची वायर काढून, फुंकून, परत लावली. माझ्या टेबलावरचा स्टेपलरही त्यांनी बोलता बोलता उघडला. बिघाड होता तिथेच राहिला आणि रोज सकाळी दात घासून हजर व्हायचा.

गाठ सुटली ती सासूबाईंमुळे. त्या सकाळी तिथी बघायला कॉम्प्युटरशी आल्या होत्या. पंचांगाची साइट उघडेचना. तुमचं घड्याळ चुकलंय, असा इंग्रजीत शेरा. सासूबाईंनी कोपऱ्यातली तारीख वाचली. "अगं, तुझ्या कॉम्प्युटरवर एक जानेवारी आहे. म्हणजे अजून संक्रांत यायचीय." इकडे सप्टेंबर, दिवाळी अंकाची पानं छापखान्यात जायला निघालेली.

काका चहाचा कप खाली ठेवून क्षणभर बघत राहिले. मग सासूबाईंकडे वळले. "वहिनी, रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करता?"

"करते की. कायमच करते. वीज काय फुकट येते?"

"करत जा," काका म्हणाले. "तुमचं काही चुकत नाही."

मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो. सीआर २०३२. आकडाच त्याचं माप सांगतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा. भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज पोचत राहते आणि बोर्ड सगळं ध्यानात ठेवतो. बटण बंद केलं की घड्याळ चालवायचं आणि बायोसमधले खटके लक्षात ठेवायचं काम एकट्या त्या सेलवर येतं. आमचा सेल कधीच संपला होता. म्हणून रोज रात्री सासूबाई बटण बंद करायच्या, बोर्ड सगळं विसरायचा, सकाळी कारखान्यातून निघाला तेव्हाच्या सवयींवर परत यायचा. तारीख एक जानेवारी, व्हीटी-एक्स बंद. घड्याळ विंडोज नंतर इंटरनेटवरून सुधारून घ्यायचं, त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. खटका मात्र इंटरनेटवरून सुधारत नाही.

आणि तो सेल असतो झाकणाखाली.

काकांनी हे वाक्य उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती. उघड्या डब्यात हात घालून त्यांनी नखाने सेल उचकला, मल्टिमीटर लावला. काटा दोन व्होल्टांशीही पोचेना. खालच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला, दोन वडापावांच्या आतबाहेर पैसे पडले. ते काकांनी माझ्याकडून घेतले नाहीत. आजवर त्यांनी कुणाकडूनही काही घेतलेलं नाही. घेतात तो चहा, आणि झाकण.

त्या दुपारी पेजमेकर उघडलं. लॉक लावलं, वरच्या मेनूतून ते एक्सपीच्या स्वाधीन केलं. फाइल उघडली आणि टोप्या, पौंड, उलटी प्रश्नचिन्हं जाऊन त्या जागी मराठी आली. काना, मात्रा, वेलांट्या आपापल्या जागी. मी पुढची फाइल उघडली, तिच्या पुढची उघडली. काकांना मजकुरात रस नव्हता. ते पंख्याचा आवाज ऐकत होते.

मग त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. मला ही वही माहीत नव्हती. आजवर जुळवलेल्या प्रत्येक डब्याची त्यात नोंद आहे: मालक, तारीख, बोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय, आणि पुढे सगळी दुखणी. आमच्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, "सेल बदलला. व्हीटी चालू." मी नुसती पानं चाळली. सुरुवातीची पानं गच्च आहेत, समासातसुद्धा मजकूर. पुढे पुढे नोंदी विरळ होतात आणि शेवटच्या रकान्यात डबा कशाने गेला ते एका शब्दात लिहिलेलं आहे. 'भंगार'. 'पाणी'. 'पाल'. त्यानंतर पानामागून पान एकच शब्द: 'लॅपटॉप'. 'लॅपटॉप'. 'लॅपटॉप'. काही ओळींपुढे 'अमेरिका' असंही आहे. म्हणजे डबा बरा आहे, पलंगाखाली आहे, ज्या मुलासाठी जुळवला तो तिकडे आहे. गेल्या काही वर्षांत नव्या डब्याची नोंद जवळजवळ नाही.

त्यांच्या पुतणीचा लॅपटॉप मध्यंतरी बंद पडला. सेवा केंद्राने सांगितलं, रॅम बोर्डावरच डाखलेली आहे, तेव्हा अख्खा बोर्ड बदलावा लागेल. खर्च ऐकून ती नवाच घ्यायला निघाली. काकांनी तो बंद लॅपटॉप मागून घेतला. टेबलावर ठेवून पुढून पाहिला, मागून पाहिला, कडेने नख फिरवलं. तळाला स्क्रू होते, पण त्यांची डोकी काकांच्या एकाही ड्रायव्हरला ओळखत नव्हती. "ह्याला आत जायचं कुठून?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ते कुणालाच विचारत नव्हते.

मला हा माणूस अजूनही असह्य आहे, हे नोंदवून ठेवते. पण ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज टेनचा सांभाळही थांबला. नव्या विंडोजच्या यादीत बसायला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० पाहिजे, आमचा तिसऱ्या पिढीचा. कागदोपत्री तो डबा आता टाकाऊ आहे. वस्तुस्थिती अशी, की त्याच्या पोटात एक्सपी आहे, एक्सपीच्या पोटात पेजमेकर आहे आणि त्यात आमच्या जुन्या अंकांची मराठी आहे. एवढं सगळं अडलं होतं ते एका सेलपाशी. वस्तू टाका म्हणणारे सगळे तिला बाहेरून बघतात. आत बघितल्याशिवाय एकही गोष्ट टाकायची नाही, एवढाच काकांचा हट्ट आहे, आणि हा हट्ट करणारे लोक आता वहीच्या शेवटच्या पानांवर आलेत.

सध्या आमची लिफ्ट वीज गेली की दोन मजल्यांच्या मधे अडकते. देखभालवाल्यांनी पूर्ण कंट्रोलर बदलायचा आकडा दिलाय, तो वाचून खजिनदारांना घाम फुटला. सभेत काका मागच्या रांगेतून उठले. वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यापर्यंत आणणारी एक बॅटरी असते, ती शेवटची कधी बदलली, एवढंच त्यांनी विचारलं. देखभालवाल्यांच्या माणसाने वहीत पाहिलं, फोन लावला, पुन्हा वहीत पाहिलं. मग काका म्हणाले, "पॅनेल तुम्हीच उघडा, मी फक्त बघतो." ठराव टाकला गेला. फक्त बघणं म्हणजे काय, हे पूर्णपणे ठाऊक असताना मी बाजूने हात वर केला. बँकवाल्यांनीही केला. ह्यांनी डोळे मिटून केला. रविवारी पॅनेल उघडायचं ठरलंय. ते चांगलं सहा फुटी आहे आणि परत लागणार नाही हे सगळेच धरून चालले आहेत. सासूबाईंनी आताच सेक्रेटरींना गाठून ते आपल्या नावाने लिहून घेतलंय. यंदा कुरडयांबरोबर पापडही घालायचे आहेत.